शिरसाठबाईंची घंटा

देवळाली कॅम्प, नाशिक
१२ जानेवारी

ती. आई,

सलाम. फोन केला की तुम्ही "हं" म्हणता, मग "आशाला देते" म्हणता आणि खरोखरच देता. म्हणून पत्र. पत्र हातात पडलं की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळलंय. तुम्ही शाळेतून निवृत्त झालात, पण तुमच्यातल्या शिरसाठबाई काही निवृत्त झालेल्या नाहीत.

तुम्ही लेकीकडे नगरला गेलात आणि नाताळ तुमच्याशिवाय झाला. करंज्या मी केल्या. किशोर म्हणाला छान झाल्यात, आणि दुसरी घेतली नाही. तेवढ्यावरून ओळखा.

दारात पिशवी उचलताना तुम्ही म्हणालात, "जन्मभर मी लोकांची पोरं शाळेत आणली, आणि माझीच नातवंडं माझी सून शाळेतून काढते." त्याचं उत्तर आता देते. आई, शाळेत कुणाचं काही चुकलं नव्हतं. योएलचं पोट रोज सकाळी दुखायचं. रिक्षा आली की दुखायचं, रविवारी दुखायचं नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि पोरगा ठणठणीत आहे असं सांगितलं. मग मी ठरवलं की हा आणि दीना घरीच शिकतील, आणि सकाळची प्रार्थना, अभ्यास, जेवण सगळं एकाच छपराखाली होईल. तुमच्याच शाळेतून काढल्यामुळे जुन्या बायका तुम्हाला चर्चच्या दारात विचारायला लागल्या, "काय बाई, तुमचीच नातवंडं घरी?" ते तुम्हाला लागलं. लागणारच. मलाही लागलं असतं.

पण एकदा येऊन घर बघाच. मी इतकी नीटनेटकी झाले आहे की माझी मलाच भीती वाटते. किशोरच्या पॅकहाऊसमधून द्राक्षांचे रिकामे खोके आणलेत आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावली आहे. एक योएलचा, एक दीनाचा, एक रंग आणि कात्र्यांचा, एक दुरुस्तीच्या कपड्यांचा. पिवळ्या चिठ्ठीचा खोका "देवाचे" म्हणून, रविवारी चर्चला न्यायचं ते सगळं त्यात. माझा नियम असा की चिठ्ठी लावलेला खोका उघडून तपासायचा नाही. तपासायचाच असेल तर चिठ्ठी कशाला लावायची? किशोर म्हणतो, तू आईपेक्षा कडक निघालीस. मी ते कौतुक समजले.

आशाताईंकडून तुमचा निरोप मिळाला. स्वयंपाकघरातल्या खुंटीवरची तुमची पितळी घंटा नगरला पाठवायची आहे. पाठवते. तिच्या मापाचा खोका अजून मिळालेला नाही.

हे लिहून झाल्यावर लाज वाटली, म्हणून खरं सांगते. घरात खोकेच खोके आहेत. पण शाळेने निरोप देताना तुम्हाला दिलेली ती घंटा एकदा इथून गेली, की तुमचं असं या घरात काही उरणार नाही. मग तुम्ही कशासाठी परत याल?

तुमची,
ज्योत्स्ना


३० जानेवारी

ती. आई,

तुमचं पाकीट आलं आणि मी उभ्या उभ्या फोडलं. आत माझंच पत्र होतं, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांभोवती लाल गोल मारून परत पाठवलेलं, आणि खाली तुमच्या अक्षरात एकच शब्द: "घंटा?" मी इतकी हसले की मुलं धावत आली. दीनाने ते लाल गोल बघितले आणि आजीने मम्मीला किती मार्क दिले म्हणून विचारलं. मी सांगितलं, आजीने मम्मीला उत्तर दिलं, तेच पुष्कळ आहे.

आता वेळापत्रक सांगते, म्हणजे तुम्हाला नावं ठेवायला काहीतरी मिळेल. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठा कागद लावलाय. सकाळी उपासना, मग गणित. गणित ओट्यापाशीच, कारण अपूर्णांक भाकरीशिवाय कळत नाहीत. मग मराठी. योएल मोठ्यानं वाचतो आणि मी भाजी निवडते. तोफखान्याचा सराव असला की खिडक्या थडथडतात, त्या आठवड्यात विज्ञानात आवाज कसा पोचतो ते घेतलं. दुपारी इंग्रजी आणि चित्रकला, संध्याकाळी वचन पाठ करणं, आणि मधेमधे धुणं, दळण, दूध, दुकान. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत कागदावर एक ओळ रिकामी नाही. शेजारच्या मीनाताई बघून म्हणाल्या, "अगं, एवढं मिलिटरीतसुद्धा नसतं." त्यांचे मिस्टर मिलिटरीत आहेत, तेव्हा त्यांना माहीत असणार.

योएलचं पोट आता दुखत नाही. परवा त्याने दीनाला आपणहून पाढे शिकवले आणि शिकवताना हुबेहूब तुमच्यासारखी मान वाकडी केली. मला फार आनंद झाला, आई. तुम्हाला दाखवता आलं नाही, एवढंच.

मी मजेत आहे. जेवण उभ्यानं होतं, पण होतं. कधी फारच झालं तर न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडते आणि तोंड धुऊन येते. हंगामामुळे किशोर पिंपळगावहून उशिरा येतो, पण आता द्राक्षांचे दिवस म्हटल्यावर ते चालायचंच.

घंटा खुंटीवर आहे. रोज उपासनेला दीना ती वाजवते. पुढच्या महिनाअखेरपर्यंत राहू द्या ना.

तुमची,
ज्योत्स्ना


१७ फेब्रुवारी

ती. आई,

काल चर्चमध्ये हंगामाचा सण झाला. तुमची जागा मी धरून ठेवली होती, मग तिथे दिंडोरीकडची एक बाई बसली आणि मला नाही म्हणवलं नाही.

यंदा वेदीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. द्राक्षांचे घड, कांदे, हरभऱ्याच्या पेंढ्या, कुणाचा भला मोठा भोपळा, आणि पाय बांधलेली एक कोंबडी. ती नेमकी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेच्या वेळी ओरडली. उपकारस्तुतीनंतर बाहेर मांडवात या सगळ्या अर्पणांचा लिलाव झाला. एका लिंबासाठी दोन म्हातारे इतके हट्टाला पेटले की शेवटी ज्याने लिंबू घेतलं त्याने ते दुसऱ्यालाच देऊन टाकलं. तुम्ही असता तर दोघांनाही कान धरून उभं केलं असतं.

मुलांनी गाणं चांगलं म्हटलं. आमच्या पिवळ्या खोक्यात पेरू होते, मी शिवलेले रुमाल होते, आणखीही होतं काही.

घंटा सध्या घरात नाही. पॉलिशला दिली आहे. काळजी नसावी.

घाईत आहे.

ज्योत्स्ना


२१ फेब्रुवारी

ती. आई,

पॉलिशला दिलेली नाही. तुम्हाला खोटं लिहिलं आणि त्या दिवसापासून सकाळच्या उपासनेत मुलांसमोर तोंड वर करवत नाही. आता जे झालं ते सांगते. वाचून झाल्यावर रागवा, पण वाचा.

सणाच्या आठवड्यात मुलांना मी पहिल्या फळांचा धडा दिला होता. घरात सगळ्यात चांगलं जे असेल ते देवापुढे न्यायचं, उरलंसुरलं नाही, असं अगदी जोर देऊन शिकवलं. मग शनिवारी दोघांना सांगितलं की पिवळ्या खोक्यात आपापलं काहीतरी ठेवा. योएलने त्याचा नवा कंपास ठेवला. दीना घरभर फिरली, आणि तिच्या मते घरातलं सगळ्यात चांगलं जे होतं ते स्टुलावर चढून खुंटीवरून काढलं, चिंचेने घासून लखलखीत केलं आणि पेरूंच्या खाली रुमालात गुंडाळून ठेवलं. आणि मी माझा नियम पाळला. चिठ्ठी लावलेला खोका उघडला नाही. वरून कापड घातलं आणि मोठ्या दिमाखात वेदीपाशी नेऊन ठेवला.

लिलावाच्या वेळी मी मांडवामागे चहाची भांडी विसळत होते. घंटा वाजल्याचा आवाज आला, तर वाटलं आवाज ओळखीचा आहे. बाहेर येईपर्यंत बोली संपली होती. तुमच्या जागेवर बसलेली ती दिंडोरीची बाई घंटा पदराखाली घेऊन फाटकातून बाहेर पडत होती. देवाच्या नावाने दिलेलं मागे कसं मागायचं? सगळ्यांच्या देखत मला धाडस झालं नाही.

दीनाला मी रागावले नाही. तिने मी शिकवलं तेच केलं. तीच मला विचारत होती, "आजीला आवडेल ना?"

चर्चमध्ये त्या बाईचा पत्ता विचारून घेतला आणि काल तिघंजण एसटीने दिंडोरीला गेलो. हा आजचा भूगोलाचा तास, असं मी मुलांना सांगितलं. त्या बाईंचं नाव चांगुणाबाई. द्राक्षांच्या बागेत तोडणीला पेठ-सुरगाण्याकडच्या बाया येतात, त्यांची ती मुकादम आहे. बागेच्या कडेला बाभळीच्या फांदीला घंटा टांगलेली. मी नाव सांगितलं तर तिने कपाळावरचा पदर मागे सारला.

"शिरसाठबाईंची सून का तू? मंग बस ना. उभी काऊन?"

मी सगळं सांगितलं, चूक झाली म्हटलं, घंटा परत मागितली. तिने ती उतरवली आणि मुठीवरची चीर दाखवली.

"ही चीर माझ्या हातची हाय. मी वसतिगृहात व्हते ना, चौथीपोत्तर. घंटा वाजवायचं काम बाईंनी मला दिलं व्हतं. लय रडायचे मी, घरी पळायचे. बाई म्हणल्या, तू नसली तं शाळा सुटनारच नाय, बघ बाई. मंग कशी पळनार?" तिला हसू आलं. "मांडवात आवाज आला तशी वळखली मी. दुसऱ्या कुनाच्या घरात जाऊ देनार व्हते का?"

"मग द्या ना परत."

"नाय. भांडून नाय घेतली, देवाच्या दारात घेतली. द्यायची तं बाईंच्याच हातात देईन. त्यांना आन."

तेवढ्यात दुपार झाली आणि तिने घंटा वाजवली. ओळीओळींतून बाया बाहेर आल्या, कात्र्या खाली ठेवल्या आणि भाकरी सोडून बसल्या. चांगुणाबाई म्हणाली, आधी एकही बाई हातातलं काम सोडून जेवायला उठत नव्हती, शेजारीण उठेना म्हणून आपण उठायचं नाही. आता घंटा झाली की सगळ्या एकदम उठतात. आम्हालाही बसवलं. पुष्कळ दिवसांनी मी बसून जेवले.

आई, आता तुमच्या हातात आहे. तुम्ही घंटा मागवलीत ती इथलं सगळं आवरून टाकायला, हे मला कळत होतं. ती पोचवणंही मला जमलं नाही. आता माझ्या हातून ती कायमची गेली असं समजून तुम्ही या दाराचं नाव टाकलंत तर मी तुम्हाला दोष देणार नाही. पण या. माझ्यासाठी येऊ नका, चांगुणाबाईसाठी या. ती वाट बघते आहे.

ज्योत्स्ना


१ मार्च

ती. आई,

कार्ड मिळालं. "पुढच्या शनिवारी येते. घंटा घेऊन रविवारच्या गाडीने परत." एवढंच होतं, पण माझ्या पत्रातल्या चुका या वेळी तुम्ही काढून पाठवल्या नाहीत. ते चांगलं की वाईट, हे किशोरला विचारलं. त्याने खांदे उडवले आणि जेवायला बसला. मुलगा तुमचाच आहे, बोलायचं तिथे बोलत नाही.

स्टँडवर मी येते. राहा असा आग्रह करणार नाही, तशी शपथ घेतली आहे. मुलांनाही तंबी दिली आहे. तुमची उशी उन्हात टाकली आहे, पण ती मी एरवीही टाकते.

वेळापत्रक पुन्हा स्वच्छ कागदावर लिहून काढते आहे. तुम्ही बघणार म्हणून ओळी पट्टीने आखते आहे.

ज्योत्स्ना


११ मार्च, मंगळवार
मागच्या दाराची पायरी

ती. आई,

तुम्ही आत आहात आणि मी इथे पायरीवर. मधे एक दार आणि मोरीवरचं वाळत घातलेलं पायपुसणं. तरी लिहिते, कारण तोंडावर बोलायला गेले की मी सगळं विसरते आणि चहा ठेवू का एवढंच विचारते.

शनिवारी बागेत तुम्ही चांगुणाबाईला "मुठीची चीर अजून तशीच ठेवलीस का गं?" म्हणून विचारलंत, आणि एवढी मोठी मुकादम बाई पदरात तोंड घालून रडली. तिने घंटा तुमच्या हातात दिली. मला वाटलं, संपलं. आता ही घंटा पिशवीत जाणार, आणि पिशवी नगरला. तुम्ही ती पदराने पुसलीत, दुपार होईपर्यंत बांधावर बसून राहिलात आणि मग स्वतः वाजवलीत. बाया उठल्या, ओळींतून आल्या, भाकऱ्या सोडल्या. तुम्ही कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होतात. मग उठून घंटा चांगुणाबाईच्या हातात परत दिलीत.

"तिला इथं काम मिळालंय. खुंटीवर नुसती लोंबत ठेवून काय करायचीय? वाजवत जा. आणि वेळेवर वाजव, उशीर केलास तर बघ."

"नाय करनार, बाई," असं ती म्हणाली, अगदी चौथीतल्या मुलीसारखी.

परतीच्या एसटीत दीनाने विचारलंच, "आजी, मी दिलेलं आवडलं का?" तुम्ही म्हणालात, "तू दिलंस ते बरोबर जागी गेलं." मी खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं.

आणि घरी आल्या आल्या चप्पल काढून तुम्ही थेट वेळापत्रकासमोर उभ्या राहिलात. चष्मा चढवलात. वरपासून खालपर्यंत वाचलंत, बोट लावून. मी मागे हात बांधून उभी होते, तपासणीच्या दिवशी असावी तशी. गणित बघितलंत, मराठी बघितलंत, योएलची वही मागवून बघितलीत. मग म्हणालात, "यात मधली सुट्टी कुठं आहे?"

मी म्हटलं, "आई, मुलं खेळतात की. संध्याकाळी मैदानावर जातात, शिवाय मधेमधे..."

"मुलांचं कोण विचारतंय? मुलं सुट्टी चोरून घेतात. तुझी कुठं आहे?"

आई, मी खरंच कागदावर शोधली. वाटलं, कुठेतरी असेल. मग तुमच्यासमोर, ओट्याला टेकून, मी रडायला लागले. या वेळी नळ बंद होता. तुम्ही जवळ घेतलं नाहीत, तुम्ही कधी घेतही नाही. खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, "बस." मग स्वतः चहा ठेवलात आणि साखर जास्त घातलीत.

रविवारची गाडी गेली. दारातली पिशवी तशीच होती. चर्चहून येताना त्या जुन्या बायकांनी पुन्हा विचारलं, "काय बाई, नातवंडं अजून घरीच?" तर तुम्ही म्हणालात, "हो. मी तपासून आले. वर्ग ठीक आहे, बाईंना सुट्टी नव्हती, ती लावून दिली." त्या बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मला हसू आवरेना म्हणून मी गीतांचं पुस्तक तोंडाशी धरलं.

घरशाळा तुम्हाला पटलेली नाही, हे तुम्ही काल स्पष्ट सांगितलंत. "मला अजून पटलेलं नाही. जूनपर्यंत बघते." बघा ना आई. जूनपर्यंत बघा, आणि मग पुढच्या जूनपर्यंत बघा. पटलं नाही तरी चालेल. पिशवीतल्या साड्या मी कपाटात लावल्या आहेत आणि कप्प्यावर चिठ्ठी लावलेली नाही. तुमचा कप्पा तुम्ही उघडून बघितलेला बरा.

काल सकाळी गणित चालू असताना तुम्ही फळीवरचं स्टीलचं ताट काढलंत आणि उलथन्याने असं वाजवलंत की मीनाताई गॅलरीत आल्या. "मधली सुट्टी! ज्योत्स्ना, बाहेर." हातात चहाचा कप दिलात आणि मागचं दार लावून घेतलंत. आजही तसंच. आतून तुमचा आवाज येतोय, योएल पाढे म्हणतोय आणि चुकला की तुम्ही ओट्यावर टिचकी मारता. शेवग्याला शेंगा लागल्या आहेत. मला माहीतच नव्हतं. सराव चालू आहे, लांबून तोफेचा आवाज येतो आणि कपातला चहा थोडासा हलतो. मी काही करत नाही, नुसती बसले आहे. फार बरं वाटतंय.

हे पत्र टपालात टाकणार नाही, तुमच्या उशीवर ठेवीन. चुकांना गोल करा. लाल पेन पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, मी बघितलंय.

ताट वाजलं. येते.

नाही, थांबा. तुम्ही आतून ओरडलात, "ती दीना होती गं, तू बस!"

बसते.

तुमची,
ज्योत्स्ना